बारा वर्षांखालच्या पोरांची ए टीम, बी टीम हवीच कशाला?

सेकंड गेट:
परवा रात्री बेळगावातल्या एका फुटबॉल क्लबच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यादी आली. ए टीम, बी टीम, आणि ज्यांची नावं कुठेच नाहीत ती पोरं. साठेक मुलांची ट्रायल एका सकाळी उरकली. तीस मीटर धावणं, जमिनीवर मांडलेल्या प्लास्टिकच्या कोनमधून बॉल काढणं, मग पूर्ण मैदानावर अकरा विरुद्ध अकरा. त्यात कित्येकांच्या पायाला धड चार वेळा बॉल लागला नाही. क्लबचं नाव घेत नाही, कारण बहुतेक ठिकाणी हेच चालतं.

माझं म्हणणं असं की तेरा वर्षांपर्यंत ए-बी करूच नये. वयोगटाची रेघ १ जानेवारीला असते. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला, दोघंही एकाच गटात. दहा वर्षांच्या पोराला अकरा महिने म्हणजे आजवरच्या आयुष्याचा जवळजवळ दहावा हिस्सा. १९८५ साली कॅनडात आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हा वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी दिसली. पुढे युरोपातल्या फुटबॉल अकादम्यांतही तेच सापडलं. थोडक्यात, आपण थोराड पोरगा उचलतो आणि त्याला गुणी म्हणतो. मग ए टीमला चांगला कोच, जास्त मॅचेस, मैदानाची बरी वेळ. बीला उरलंसुरलं. दोन वर्षांनी फरक खरोखरच पडलेला असतो आणि निवडणारे म्हणतात, बघा, आमची नजर बरोबर होती!

छोट्या मैदानावर चार विरुद्ध चार खेळवा, दर आठ-दहा मिनिटांनी टीम बदला. हे पाच-सहा आठवडे चालू द्या. तीन परीक्षकांनी एकमेकांना न दाखवता गुण द्यावेत. आणि यादी लावण्याआधी प्रत्येक नावापुढे जन्ममहिना लिहावा.

जुना लेफ्ट बॅक, शहापूर:
ऐकायला बरं वाटतंय. पण कोण चांगला खेळतंय हे पोरांना आपल्याआधी कळतंय की. गल्लीत टीम पाडताना पहिला कोण उचलला जातो बघा, तिथं जन्ममहिना कोण विचारत नाही. चांगल्या पोराला रोज कच्च्यांबरोबर खेळवून तो काय शिकणार? चोर्ला घाट चढून गोव्याची टीम येते आणि आठ-शून्यानं हाणून जाते, तेव्हा हीच पोरं रडालेली असतात. मग पालकच कोचला विचारतात, टीम कसली निवडली म्हणून.

कोल्हापूरला बघा. पाटाकडील असो, दिलबहार असो, तिथल्या तालमी म्हणजेच फुटबॉलचे संघ, आणि तालमीचा शर्ट कोण फुकट देत नाही. शाहू स्टेडियमवर माणसं भर उन्हात बसतात ती चुरशीसाठी. अनिकेत जाधव २०१७ ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला खेळला, तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढं आला. तिथं त्याला घेतलं तेव्हा दुसऱ्या कुणाला तरी नाही म्हटलंच असेल की.

सेकंड गेट:
अनिकेतचा जन्म जुलै २००० चा आणि त्या वर्ल्ड कपची रेघ १ जानेवारी २०००. म्हणजे वर्षाच्या मधलाच. एका पोरावरून नियम निघत नाही, तुमचाही नाही आणि माझाही नाही. आणि तालमीचा शर्ट मिळतो तो वयात आलेल्या पोरांना. पेठेतल्या दहा वर्षांच्या पोराला कुणी यादीतून काढत नाही, तो संध्याकाळी येतो आणि खेळतोच. काटछाट उशिरा होते. मी तरी दुसरं काय म्हणतोय?

नॉर्वेत तर मुलं ज्या वर्षी अकराची होतात, त्या वर्षाआधी स्पर्धांत गुणतक्ता आणि क्रमवारी लावायला परवानगीच नाही. गोलांचा धडाका लावणारा स्ट्रायकर एर्लिंग हालंड त्याच देशात वाढला.

कॅम्पातला:
नॉर्वेची लोकसंख्या ५५ लाखांच्या आसपास आणि मैदानं गावोगाव. इथं लेले मैदानावर एका कोपऱ्यात क्रिकेट, दुसऱ्यात चालायला आलेले आजोबा. साठ पोरं घेऊन सहा आठवडे कुठं खेळवणार?

आणि जन्ममहिन्याचं सोडा, आधी जन्मवर्ष तरी खरं आहे का बघा. पूर्वी शाळेत मास्तर १ जून लावून मोकळे व्हायचे. आता हॉस्पिटलची नोंद असते, पण स्पर्धेच्या तोंडावर नवाकोरा दाखला घेऊन येणारे अजून आहेत. माझा सल्ला एवढाच की दाखल्यावर जन्माच्या तारखेइतकीच नोंदणीची तारीख बघा. जन्मानंतर वर्ष उलटून गेलं की नोंदीला वरिष्ठ अधिकाऱ्याचा आदेश लागतो. दहा वर्षांच्या पोराची नोंद गेल्या वर्षी झालेली असेल तर दोन प्रश्न विचारायला हरकत नाही. वय तपासायला फिफा सतरा वर्षांखालच्यांच्या मनगटाचं एमआरआय करते, क्रिकेटमध्ये मनगटाचा एक्स-रे काढतात. आपल्या क्लबला ते परवडणारं नाही, कागद नीट वाचणं तरी परवडेल.

खानापूरची आई:
तुम्ही सगळे गावातले, म्हणून आठवडे मोजताय. आम्ही खानापूरहून येतो. शाळा सुटल्यावर बस पकडून साडेचारला टिळकवाडीत पोचणं शक्य नाही. एका दिवसाची ट्रायल वाईट असेल, पण तेवढ्यासाठी तरी मला रजा टाकता येते. सहा आठवड्यांची निवड म्हणजे ज्यांचं घर मैदानाच्या जवळ त्यांची निवड. वर प्रत्येक खेपेला दोघांचं बसभाडं. तुमच्या तीन परीक्षकांच्या कागदावर माझ्या मुलाच्या नावापुढे निम्मे दिवस गैरहजर लिहिलेलं असणार, आणि तो रकाना कुणी निराळा वाचणार नाही.

शिवाय एप्रिलअखेरीला सुरू केलं तर सहा आठवड्यांत मिरग येतो. पाऊस लागला की मैदानाचा चिखल. चिखलात कोण चांगला दिसतो? पुन्हा दांडगाच.

जुना लेफ्ट बॅक, शहापूर:
ताई बरोबर बोलल्या. हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

निवृत्त पीटी मास्तर:
दोन्ही बाजूंनी थोडं थोडं सोडा. तीस मीटरची शर्यत पहिली काढून टाका. ती आजचं शरीर मोजते, आणि ते शरीर बदलणार आहे. मुलांची उंची झपाट्याने वाढते ती साधारण तेरा-चौदाच्या सुमाराला, मुलींची त्याआधी दोनेक वर्षं. काहींची लवकर, काहींची फार उशिरा. बाराव्या वर्षी केवळ ताकदीवर गोल मारणारा पोरगा पंधराव्या वर्षी सगळे त्याच्याएवढे झाले की गोंधळून जातो. तोवर त्याला पास द्यायची गरजच पडलेली नसते. आणि ज्याला बुटका म्हणून काढला, तो तोवर खेळ सोडून गेलेला असतो. पुढे इंग्लंडकडून खेळलेल्या जेमी वार्डीला शेफील्ड वेन्सडे क्लबनं सोळाव्या वर्षी अंगानं लहान म्हणून सोडलं. पुढे इंग्लंडचा कॅप्टन झालेल्या हॅरी केनला आर्सेनल क्लबनं आठ-नऊ वर्षांचा असताना सोडलं. त्यांना दुसरे क्लब मिळाले. आपल्याकडे दुसरा क्लब कुठला?

मी काय बघायचो ते सांगतो. बॉल येण्याआधी पोरगा मान वळवून आजूबाजूला बघतो का. पहिल्या स्पर्शात बॉल मोकळ्या जागेत घेतो की पायाखाली अडकवतो. बॉल गेल्यावर कमरेवर हात ठेवून उभा राहतो की मागे पळतो. हे वीस मिनिटांच्या अकरा-अकरात दिसत नाही, चार-चारच्या खेळात अर्ध्या तासात दिसतं. म्हणून सहा आठवडे नकोत आणि एक सकाळही नको. चार रविवार पुरेत, त्यातले ज्याला जमतील ते दोन. गैरहजेरीचे गुण कापायचे नाहीत.

टीमबद्दल मात्र मी लेफ्ट बॅककडे झुकतो. सराव सगळ्यांचा मिसळून घ्या, पण गोव्याच्या टीमशी मॅच असेल त्या दिवशी जमेल तेवढी तगडी टीम उतरवा. फक्त ती यादी वर्षभराची नको. दर दोन महिन्यांनी बदला, आणि खरोखर बदला. कागदावर बदलायची सोय ठेवून तीच चौदा नावं पुन्हा लावणारे कोच मी भरपूर पाहिलेत.

कॅम्पातला:
आणि ज्याचे वडील जर्सी देतात त्याचं नाव दोन महिन्यांनी बदलणार काय? 😄

निवृत्त पीटी मास्तर:
म्हणूनच तीन वेगळे कागद. त्या तिघांत ज्याचं पोरगं खेळतं असा कुणी नको.

वडगावची सेंटर हाफ:
मुलींचं कुणीच बोललं नाही. आमच्याकडे ए-बीचा प्रश्नच नव्हता, कशीबशी अकरा जणी जमायच्या. नववीतली आणि सहावीतली एकत्र. सहावीतल्या मुली फार लवकर शिकल्या, कारण त्यांना बाकावर बसवायला बाकच नव्हता. हे धोरण नव्हतं, नाइलाज होता, पण लेफ्ट बॅक काकांनी ‘कच्च्यांबरोबर खेळून काय शिकणार’ म्हटलं म्हणून सांगते. नववीतल्या आम्ही बोलायला शिकलो. मागून ओरडून बचावाची सगळी लाइन हलवणं मला तिथंच जमलं.

जुना लेफ्ट बॅक, शहापूर:
हे पटतंय. पण तुमच्यात जिंकायची ओढ होतीच की, ती यादी नसतानाही होती. माझी भीती ती ओढ मरायची आहे. पोराला कळलं की काही केलं तरी अर्धी मॅच खेळायला मिळणारच, तर तो पावसात सरावाला का येईल?

सेकंड गेट:
दहा वर्षांचं पोरगं पावसात सरावाला नाही म्हणत नाही हो, त्याची आई म्हणते.

रविवारचं मान्य. मे महिन्यातले चार रविवार सकाळी सात ते नऊ, खानापूर-निपाणीकडून येणाऱ्यांना कुठलेही दोन. मिरगाच्या आत आटोपेल. यादी ग्रुपवर टाकायची नाही, ज्याचं नाव नाही त्याच्या घरी कोचनं स्वतः फोन करायचा आणि काय कमी पडलं ते सांगायचं. क्लबपुढे एवढं ठेवतो. ए-बीबद्दलचं माझं मत तेच आहे, त्यावर मत घ्या म्हणणार.

खानापूरची आई:
सातला नको, पहिली बस पकडूनही पोचणार नाही. आठ करा.

जुना लेफ्ट बॅक, शहापूर:
आठ करा आणि एक राहिलंय. गोलकीपर कसा निवडणार? आपल्याकडे ज्याला पळायला येत नाही त्याला गोलात उभा करतात, नाहीतर जो सगळ्यात उंच त्याला. चार-चारच्या खेळात तर गोलकीपरच नाही.

निवृत्त पीटी मास्तर:
शेवटच्या दोन रविवारी सात-सात खेळवा आणि प्रत्येकाला दहा मिनिटं गोलात उभं करा. बाराव्या वर्षापर्यंत कुणावर गोलकीपरचा शिक्का मारू नका.

जुना लेफ्ट बॅक, शहापूर:
माझा नातू दहा मिनिटांत पाच खाईल. चालेल, पण गुण देताना ती दहा मिनिटं धरायची नाहीत, हे लिहून घ्या.