मदत हवी आहे: थायरॉईडबाबत सरकारकडे नेमकं काय मागावं?

नमस्कार मंडळी. आमचा रुग्णांचा गट आरोग्य खात्याला निवेदन देणार आहे. मिठात आयोडीन घालायला स्वित्झर्लंडने १९२२ मध्ये सुरुवात केली, गलगंड (थायरॉईड ग्रंथी सुजणं) आटोक्यात आला. पुढे मात्र सरकारं जरा सुस्तावलीच, असं आपलं माझं मत!

पहिली मागणी पक्की आहे: प्रत्येक नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन टीएसएच तपासणी (थायरॉईड नीट काम करतंय का हे सांगणारी). थायरॉईड संप्रेरकाची जन्मजात कमतरता असेल आणि पहिल्या दोन आठवड्यांत लिव्होथायरॉक्सिन (ती कमतरता भरून काढणारं औषध) सुरू झालं, तर मेंदूची वाढ सहसा नीट होते; उशीर झाला तर नुकसान भरून निघणं कठीण.

अडलंय ते संशोधनावर. हाशिमोटोसारख्या, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉईडवर हल्ला करते अशा, आजारांसाठी निधी मागताना मुद्दे कसे मांडावेत? खर्चाचा अंदाज जोडावा का? कुणी असं निवेदन लिहिलं असेल तर मसुदा दाखवाल का?