पिस्तुलाचं वेड: ठरावात ‘संस्कार कमी पडले’ याच्या पुढे काय लिहायचं?

मलप्रभाकाठ (खानापूर)
पुढच्या महिन्यात आपल्या बेळगाव भागातल्या पंचक्रोशीतली युवक मंडळं आणि देवस्की पंच (गावदेवाचा कारभार बघणारे) कमिट्या एकत्र बसणार आहेत. वरातीत हवेत काढलेले बार, कट्टा (गावठी पिस्तूल) हातात घेऊन टाकलेले स्टेटस, वसुलीला येणाऱ्यांच्या कमरेला काहीतरी असल्याची कुजबुज, या सगळ्यावर ठराव करायचा आहे. मसुद्यात सध्या एकच वाक्य आहे: “तरुणांवर संस्कार कमी पडले.” ते खोटं नाही, पण ते वाचून उद्या सकाळी कुणी काय करायचं हे कळत नाही. हत्यार येतं कुठून, साधं भांडण त्याच्यापर्यंत पोचतं कसं, आणि गावाने हात घालायचा तो कुठे? कायदा आणि महसूल जाणणाऱ्यांनी लिहावं.

घटप्रभा
आधी प्रमाण बघू. बंदुकांची जगभरची मोजदाद करणाऱ्या ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या संस्थेच्या २०१७च्या अंदाजानुसार भारतात नागरिकांकडे ७ कोटी ११ लाख बंदुका होत्या आणि त्यातल्या फक्त ९७ लाख नोंदणीकृत. शंभर माणसांमागे पाचच्या आसपास. अमेरिकेत हाच आकडा १२०. तिथे २०२१ मध्ये बंदुकीने ४८,८३० माणसं गेली आणि त्यात निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. हे सांगायचं कारण असं की ‘बंदुकीची हिंसा’ म्हटलं की आपल्याला फक्त गुंड दिसतो, घरातला खचलेला माणूस दिसत नाही.

आपल्याकडचा मुख्य प्रश्न बिनपरवाना हत्यारांचा. गावठी पिस्तुलांसाठी बिहारचं मुंगेर सगळ्यांना माहीत आहे, पण महाराष्ट्राच्या बाजूने येणारा गावठी माल बऱ्याचदा मध्य प्रदेशातल्या बडवानी, खरगोन, बुऱ्हाणपूर पट्ट्यातला असतो. उमर्टी हे नाव जप्तीच्या बातम्यांत वारंवार येतं. काडतूस मात्र गावठी पद्धतीने बनवणं अवघड. ते बहुधा परवान्याच्या साठ्यातून चोरून बाहेर जातं. गावठी पिस्तुलाचं ७.६५ मि.मी. माप म्हणजेच .३२ बोअर, आणि हे बोअर परवान्यावर मिळतं. म्हणून परवानाधारकाच्या काडतुसांचा हिशेब काटेकोर तपासला तर गल्लीतला कट्टा मुका होतो. ठरावात ही मागणी जरूर घाला.

नैतिक कारणाबद्दल एक गोष्ट वेगळी काढून सांगावीशी वाटते. १६ फेब्रुवारी २०१५ ला कोल्हापुरात कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडात कन्नड विचारवंत एम. एम. कलबुर्गी यांच्यावर. एक शहर आपल्या उत्तरेला, दुसरं दक्षिणेला. दोन्हीकडे ७.६५ चं गावठी पिस्तूल. हे रागाच्या भरात झालेलं नव्हतं, पाळत ठेवून केलेलं होतं. दारूच्या नशेतला खून आणि ‘याला मारणं हे पुण्य’ असं कुणीतरी मनात भरवून करवलेला खून, यांची मुळं एक नाहीत. पहिल्याला पंच आवरू शकतात. दुसऱ्याची सुरुवात विरोधकाला माणूस न समजणाऱ्या भाषणापासून होते, आणि अशा भाषणाला आपल्याच व्यासपीठावर टाळ्या पडत असतील तर संस्कार नुसते तरुणांचे कमी पडलेले नाहीत.

हिरण्यकेशी (हुक्केरी)
घटप्रभा यांच्याशी सहमत, पण आपल्या तालुक्यांत रोजचा धोका बांधाचा आणि बड्डीचा (व्याजाचा) आहे.

बांधाचं असं होतं. वाटणी तोंडी झालेली असते, पहाणीवर (म्हणजे सातबाऱ्यावर) नाव अजून थोरल्याचं. एक भाऊ आपला हिस्सा विकायला काढतो. ११-ई नकाशाशिवाय (विकायच्या तुकड्याचा सरकारी मोजणी नकाशा) त्या तुकड्याची नोंदणी होत नाही, म्हणून मोजणीचा अर्ज जातो. मोजणीदार येतो तेव्हा ऊस उभा असतो, खुणा सापडत नाहीत, मोजणी परत जाते. मधल्या काळात कुणीतरी रात्री बांध कोरतो. कागद कन्नडमध्ये, नोटीस काय म्हणते हे घरातल्या म्हाताऱ्याला कळत नाही, तारीख चुकते. आता निकाल लागणार नाही असं ज्याला वाटतं, तो ‘धाक’ शोधायला निघतो. कट्टा पहिल्यांदा विकत घेतला जातो तो बहुतेक मारण्यासाठी नव्हे, दाखवण्यासाठी. दाखवल्यावर समोरचाही आणतो. भीमातीरावर, इंडी-अफझलपूरकडे, पिढ्यान् पिढ्या चाललेलं वैर बघा. एकाचा बदला दुसऱ्याचं कारण होतो.

गावाने करायचं ते असं. मोजणीचा अर्ज ऊस तुटल्यावर लगेच, लावणीआधी. नोटीस मराठीत वाचून सांगणारा एक माणूस प्रत्येक गल्लीत नेमा. कब्जावरून मारामारीची लक्षणं दिसली तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६४ आहे (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १४५), त्यात दंडाधिकारी ताबा कुणाचा एवढंच ठरवतो, मालकी नाही. नुसती धमकी असेल तर कलम १२६ (जुनं १०७) खाली शांततेचा बाँड, जास्तीत जास्त एक वर्षाचा. घोळ असा होतो की लोक डोकी फुटल्यावर बाँड मागतात. धमकीचा पहिला अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. ‘बघून घेतो’ म्हणाला एवढं लिहून चालत नाही. दिवस, वेळ, जागा आणि ऐकणारे दोघे लिहा.

मीटर बड्डीबद्दल (मीटरसारखं चढत जाणारं सावकारी व्याज): भरमसाट व्याजाविरुद्ध कर्नाटकात २००४चा कायदा आहेच, आणि जाचक वसुलीविरुद्ध फेब्रुवारी २०२५ मध्ये अध्यादेश आला. कर्जदार तक्रार करत नाही तो लाजेने. पंच कमिटीने ‘बुडव्या’ हा शब्द बैठकीत वापरायचा नाही एवढं ठरवलं तरी चार माणसं तोंड उघडतील.

तालीम_गल्ली
वरात आणि स्टेटस यावर. हवेत बार काढून कुणाच्या जिवाला धोका निर्माण केला, तर शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बंदूक परवान्याची असली तरी सुटका नाही. वर गेलेली गोळी खाली येते, आणि मांडवाच्या पत्र्याखाली बसलेल्यांना ती दिसत नाही.

पोरांना हे नीट समजवा: बिनपरवाना साधं अग्निशस्त्र जवळ असलं तर किमान दोन आणि कमाल पाच वर्षं. नुसतं एक जिवंत काडतूसही गुन्हाच. कलम ३५ मुळे चारचाकीत कट्टा सापडला आणि चौघांनाही तो आहे हे माहीत होतं असं दिसलं, तर चौघेही अडकतात. “माझा नव्हता, मित्राचा होता” हे तिथे पुरत नाही. फोटोसाठी हातात धरणाराही त्यात ओढला जातो. शिवाय गावठी हत्यार चाप ओढल्यावर हातातच फुटू शकतं, पडलं तर आपोआप उडू शकतं, कारण त्याला धड सेफ्टी नसते.

लाठी आणि तलवार शिकवणारा वस्ताद आधी हात आवरायला शिकवतो, वर्षभर तर लाकडीच देतो. कट्ट्याला वस्ताद नाही, तो पैसे टाकून संध्याकाळी मिळतो. म्हणून मला तालमी बंद पडणं हे खरंखुरं सामाजिक कारण वाटतं, भावनेचा मुद्दा म्हणून नव्हे.

जांबोटी_घाट
एक विनंती: रानडुकरासाठी ठासणीची बंदूक ठेवणाऱ्या शेतकऱ्याला या यादीत कोंबू नका. पीकरक्षणाचा परवाना कायद्यातच आहे. कोडगूत तिथल्या कोडवा समाजाला आणि जम्मा (जुन्या वंशपरंपरागत हक्काच्या) जमीनधारकांना तर परवान्यातूनच सूट आहे, सध्या २०२९ पर्यंत, आणि कैलपोळ्द या सणाला कोडवा हत्याराची पूजा करतात. हत्याराबरोबर शिस्तीचा रिवाजही असावा लागतो.

ती शिस्त घरात अशी: बंदूक रिकामी, कुलपात, काडतुसं किंवा दारू-छर्रे दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या एका माणसाकडे नकोत. घरात कुणी दारूला लागलं असेल, कर्जाने किंवा मुलाच्या जाण्याने खचलं असेल, तर बंदूक त्याच दिवशी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या. निवडणुकीच्या वेळी आपण जमा करतोच की, मग घरच्या माणसासाठी का नाही? मन मोकळं करायला टेली-मानसचा १४४१६ चोवीस तास आहे, फुकट. परवानाधारक वारला तर शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे हत्यार लगेच जमा करायचं. वारसाने मागाहून स्वतःचा अर्ज करावा. वडिलांची आठवण म्हणून माळ्यावर पडलेली बंदूक ही कायद्याने बिनपरवानाच.

मलप्रभाकाठ (खानापूर)
सगळ्यांचे आभार. एक राहिलं: एखाद्या पोराकडे कट्टा आहे आणि त्याला आता तो टाकायचाय, आईवडील पंचांकडे आले, तर?

घटप्रभा
विहिरीत, नदीत टाकू देऊ नका. त्या हत्याराने आधी काही घडलेलं असेल तर पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा वर चढतो. पंचांनी हातात घेऊ नये, पिशवीतून ठाण्यात नेऊ नये, कारण वाटेत तो त्यांच्याच ताब्यात धरला जाईल. आहे तिथेच राहू द्या, खोलीला कुलूप घाला, लहान मुलांना तिथून हलवा. आधी वकील गाठा, मग त्याच्यामार्फत ठाण्याला कळवून पोलिसांना जागेवर बोलवा. पंचनामा तिथेच होऊ द्या. गुन्हा माफ होतो असं पोराला सांगू नका, तसा नियम नाही. पण स्वतःहून दिलं ही गोष्ट जामिनाला आणि शिक्षेच्या वेळी वकील मांडू शकतो. आणि विकणाऱ्याचं नाव त्याने सांगितलं, तर त्या रात्रीपासून त्या घराजवळ गल्लीतली दोन-चार माणसं असावीत. त्यांची पाळी बैठकीतच लावून घ्या.