लीश (कुत्र्याचा पट्टा) धरायची तर तर्जनी वेगळी हवी
ताई, कुत्र्याला फिरवताना अॅक्रिलिकचे (कृत्रिम धाग्याचे) दुहेरी मिटन्स, म्हणजे अंगठा वेगळा आणि चार बोटं एकत्र असे हातमोजे, बर्फात चालतील का, असं विचारलंत. माझं मत, नको. लोकर ओली झाली तरी बऱ्यापैकी ऊब धरते, अॅक्रिलिक तेवढी धरत नाही. आणि कुत्रं बर्फात लोळणार, त्याची ओली लीश तुमच्या हातात येणार, हे ठरलेलंच.

कॅनडात न्यूफाउंडलंडकडे विणतात ते दोन प्रकार इथे कामाचे. एक थ्रम मिटन्स: विणताना ठरावीक टाक्यांत न कातलेल्या लोकरीचा छोटा पुंजका धाग्यासोबत घ्यायचा, टोकं आत सोडायची. वापरून वापरून आत नमद्यासारखा थर बसतो. मात्र पुंजक्यांसाठी सुपरवॉश (मशीनमध्ये धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेली) लोकर घेऊ नका, ती तशी घट्ट होत नाही.

दुसरा ट्रिगर मिट. अंगठ्यासारखंच तर्जनीलाही वेगळं घर, उरलेली तीन बोटं एकत्र. लीशची कडी लावणं, शी उचलायची पिशवी उघडणं (खरी परीक्षा तीच!) त्यात जमतं. मी दोन्ही एकत्र करते, फक्त तर्जनीत थ्रम घालत नाही, नाहीतर बोट वाकत नाही. मनगटाची पट्टी जॅकेटच्या बाहीत शिरेल इतकी लांब विणा.