'आदर्श पालक' पुरस्कार द्यावा का? आमच्याकडे नावं तीन, शाल एक

डोंगरकडा (धागा काढणारा)

रामराम मंडळी. बालाघाटाच्या डोंगरावरचं गाव, जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते पाचवी, दोन शिक्षक. मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे. गेल्या बैठकीत मोठे गुरुजी म्हणाले, यंदा २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर एका 'आदर्श पालका'चा सत्कार करू. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. खर्च अध्यक्ष करणार. सगळ्यांनी माना डोलावल्या. नावं निघाली आणि बैठक पेटली.

पहिलं नाव ट्रॅक्टरवाल्या दादांचं. पावसाळ्यात मैदानात गुडघाभर चिखल व्हायचा, तिथं मुरमाच्या अकरा खेपा टाकल्या. डिझेलसुद्धा स्वतःचं.

दुसरं नाव वस्तीवरच्या वहिनीचं. वस्ती ते शाळा यांच्यामध्ये ओढा आहे. जून ते ऑक्टोबर ही बाई रोज नऊ पोरं ओढ्यातून पलीकडे आणते आणि संध्याकाळी परत नेते. तिची स्वतःची त्यात एकच, दुसरीतली.

तिसरं नाव एका आजोबांचं. पोरगा-सून ऊसतोडीला जातात, नातू यांच्यापाशी. शाळेतली झाडं उन्हाळ्यात जगली ती यांच्या घागरींवर. त्यावर एक जण म्हणाला, "आजोबा पालक कसे?" अर्धा तास गेला. (आजोबाही पालक होतात हो. शिक्षण हक्क कायद्यातच 'आई-वडील किंवा पालक' असं आहे. पण ऐकतंय कोण.)

शेवटी ठरलं ट्रॅक्टरवाल्यांचं. कारण काय तर, "उद्या परत मुरूम लागला म्हंजे?"

माझं मत: पुरस्कार हवाच, फक्त निवडायची रीत चुकली. तुम्हाला काय वाटतं?

खडूचा धूर

पुरस्कार द्यावा, नक्की द्यावा. एकोणीस वर्षं शिकवतेय म्हणून अधिकारानं सांगते.

शाळेकडे पालकांना द्यायला असतं काय? पैसा नाही, पद नाही. आम्ही मागतच असतो. रंगाला वर्गणी द्या, शाळापूर्व तयारीच्या मेळाव्याला हात लावा, सहलीला सोबत या. त्या बदल्यात चारचौघांत नाव घेणं एवढंच आमच्या हातात.

कायद्यानं समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात. कागदावर असतात. प्रत्यक्षात बैठकीला नवरा येतो, सही बाईची असते. माझ्या मागच्या शाळेत एका आईला आम्ही साधं प्रमाणपत्र दिलं, माता-पालक गटातल्या बायकांना मुलांचा अभ्यास कसा घ्यायचा ते तिनं दाखवलं म्हणून. तिनं ते फ्रेम करून गजानन महाराजांच्या तसबिरीशेजारी लावलं. पुढच्या बैठकीला ती स्वतः आली आणि खिचडीच्या तांदळात खडे का, हे तिनं मुख्याध्यापकांना सगळ्यांसमोर विचारलं. माझ्या लेखी त्या कागदाचे पैसे वसूल झाले.

कोरडवाहू

मॅडम, आदर राखून विरोध.

आमच्या गावानं गाडगेबाबांच्या नावाच्या ग्रामस्वच्छता अभियानात भाग घेतला होता. अभियान सुरू झालं २००० साली, आमचं गाव त्यात दोन-तीन वर्षांनी उतरलं. तपासणी समिती यायच्या आदल्या रात्री कंदील लावून गटारी काढल्या, झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लावला. बक्षीस मिळालं, मिरवणूक निघाली. पुढच्या पावसाळ्यापर्यंत निम्म्या संडासांत सरपण भरलेलं. ज्यांच्या नावानं हे सगळं, तो माणूस गाव झाडायचा, कीर्तन करायचा आणि सत्काराला कोणी हार आणायच्या आत पुढच्या गावाच्या वाटेला लागायचा.

पुरस्कार आला की काम पुरस्काराच्या मापाचं होतं. तुमच्या समितीनं कबूलच केलंय की! पुढच्या मुरमाचा विसार आहे तो, त्याला सत्कार कशाला म्हणता?

डोंगरकडा

विसार 😀 हा शब्द बैठकीत सुचला असता तर बरं झालं असतं.

दोन शिफ्ट

शहरातली गोष्ट सांगतो. चाकणला कंपनीत आहे, मुलगी खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. तिथं दर वर्षी स्नेहसंमेलनात 'पॅरेंट ऑफ द इयर' असतो. शाळेनं बोलवायची वेळ मंगळवार, सकाळी अकरा. मी रात्रपाळी करून आलेलो असतो नाहीतर पहिल्या पाळीत असतो. बायको दुकानात कामाला. अकरा वाजता कोण मोकळं असतं? ज्यांच्या घरात एकाच्या पगारात भागतं ते. बक्षीसही त्यांनाच.

गेल्या वर्षी घरी येताना गाडीवर मुलीनं मागून विचारलं, "पप्पा, तुम्हाला का नाही मिळालं? तुम्ही शाळेत येत नाही म्हणून?" हेल्मेटमुळं नीट ऐकू आलं नाही असं दाखवलं मी.

यापेक्षा फी कायदा बरा. २०११ च्या त्या कायद्यात पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीवरचे पालक सोडत काढून निवडायचे आहेत. चिठ्ठीत नाव निघालं तर निघालं. त्यात मुख्याध्यापकांची मर्जी नको आणि केक भाजता येणंही नको.

पऱ्यांचे पंख

दोन शिफ्ट, तुमच्या मुलीचं वाचून पोटात कालवलं. पण 'मोकळं' हा शब्द मागे घ्या.

मी ती अकरा वाजताची आई. सात वर्षं बँकेत होते, दुसऱ्या बाळंतपणानंतर सोडलं. सोडावं लागलं म्हणा. मागच्या संमेलनाला साठ पऱ्यांचे पंख मी कापले, तारा वळवल्या, बोटं सोलवटली. वाचनालयातली सहाशे पुस्तकं एकटीनं क्रमवार लावली. हे काम शाळेनं पगारी माणसाकडून करून घेतलं असतं तर बिल झालं असतं. घरी विचारतात, "काय करतेस दिवसभर?" शाळेनं एक दिवस स्टेजवर बोलवून नाव घेतलं, सासूबाई पहिल्या रांगेत होत्या. मला आवडलं. ते आवडण्याची लाज मी का वाटून घेऊ?

दोन शिफ्ट

मागे घेतला. शब्द चुकला. तक्रार तुमच्यावर नाही, त्या 'ऑफ द इयर'वर आहे. एकच नाव घेतात म्हणून बाकीच्यांची पोरं घरी येऊन प्रश्न विचारतात.

हडसनकाठ

न्यू जर्सीहून. आमची मराठी शाळा रविवारी भरते, शिकवणारे सगळे पालकच, कुणालाही मानधन नाही. इथं स्वयंसेवेचे तास मोजण्याची पद्धत आहे. राष्ट्राध्यक्षांच्या नावाचा स्वयंसेवा पुरस्कार २००३ मध्ये सुरू झाला. त्यात प्रौढांना वर्षात १०० तासांना कांस्य, २५० ला रौप्य, ५०० ला सुवर्ण मिळायचं. मला वाटायचं, आकडा आहे म्हणजे भांडण नाही. कसलं काय. घरून शाळेपर्यंत गाडी चालवली तो वेळ धरायचा का? समोसे तळले तो? रात्री अकराला बसून बाराखडीचे तक्ते केले तो? आमच्याकडे एका काकांनी खुर्च्या मांडायच्या चाळीस मिनिटांचे दोन तास लिहिले आणि जी मावशी खरंच दर आठवड्याला पाच तास खपायची तिनं वही कधी उघडलीच नाही. वर्षाअखेर खुर्च्या पुढे, मावशी मागे.

अर्धवटराव

यावर एक जुना प्रयोग आहे, १९७३ मध्ये छापलेला. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतली अशी मुलं घेतली ज्यांना मार्करनं चित्रं काढायला मनापासून आवडत होतं. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर छान प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता शेवटी दिलं. काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी पाहिलं, तर आमिष दाखवलेल्या मुलांचं चित्रांतलं मन कमी झालेलं. अचानक मिळालेल्यांचं झालं नव्हतं.

म्हणजे कोरडवाहू अर्धे बरोबर आणि खडूचा धूर अर्ध्या. द्या, पण आधी जाहीर करू नका.

खडूचा धूर

अर्धवटराव, पहिल्या वर्षी अचानक. दुसऱ्या वर्षी डिसेंबरपासून लोक शाळेत झाडू घेऊन फिरायला लागतात त्याचं काय करू? आणि पालक म्हणजे बालवाडीतली मुलं नव्हेत. त्यांना चित्र काढायची आवड नाही, त्यांना पोर शिकावं अशी आस आहे. ती प्रमाणपत्रानं आटत नाही.

कोरडवाहू

आस आटत नाही, पण फाइल वाढते. शिक्षकांच्या पुरस्कारांचं काय झालं बघा. राष्ट्रीय पुरस्कारासाठी २०१८ पासून शिक्षकानं स्वतःच ऑनलाइन अर्ज करायचा. स्वतःची थोरवी स्वतः लिहा, फोटो जोडा. उद्या पालकांची फाइल निघेल. वहिनी ओढ्यात कमरेइतक्या पाण्यात, डोक्यावर पोर, आणि काठावर कोणीतरी मोबाइल धरून, "वहिनी, जरा इकडं बघा."

फोडणी

खिचडी शिजवणाऱ्या ताईचं नाव कुणीच घेतलं नाही अजून, बघतेय मी. तिलाही कुणीतरी दर वर्षी साडी-नारळ देतं. तिचं मानधन महिन्याला अडीच हजार, तेही कधी दोन-तीन महिने थकतं. तिला सत्कार नको, तारखेला पैसे द्या. सेवा, त्याग, आदर्श हे शब्द ऐकले की मी आधी विचारते, या कामाचे पैसे कुणी वाचवले?

कोयता

वाचत होतो, लिहिणार नव्हतो.

डोंगरकडा, तुमच्या तारखेचा विचार केला का? २६ जानेवारी म्हणजे ऐन हंगाम. माझे आई-बाप दसऱ्यानंतर गाव सोडायचे ते उन्हाळ्यातच परत. दहा वर्षांत झेंडावंदनाला माझा बाप एकदाही गावात नव्हता. कारखान्यावर नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, माणसं मोजत नाहीत. मी काही वर्षं हंगामी वसतिगृहात, काही वर्षं आजीपाशी.

आई दर रविवारी मुकादमाच्या मोबाइलवरून फोन करायची. बोलणं एक मिनिट. "जेवलास का" नंतर विचारायची, "शाळेत गेलास का". सहाही दिवसांचं वेगवेगळं विचारायची, सोमवारी गेलास का, मंगळवारी गेलास का. मी आज पदवीधर आहे. माझ्या आईनं शाळेसाठी एक खेप मुरूम टाकला नाही, एक पंख कापला नाही. शाळेचं तोंडही फार तर चारदा पाहिलं असेल. तुमच्या यादीत ती कुठल्या रकान्यात बसते तेवढं सांगा.

पऱ्यांचे पंख

🙏

मुष्टिफंड

रयतचा जुना विद्यार्थी. टोपणनाव कुठून आलं ते सांगतो. कर्मवीर अण्णांनी १९१९ मध्ये संस्था काढली. वसतिगृहातल्या पोरांसाठी घरोघरच्या बाया दळायला बसताना मूठभर धान्य बाजूला काढायच्या, तो मुष्टिफंड. वहिनींनी, म्हणजे अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, पोरांच्या जेवणासाठी मंगळसूत्र मोडलं, हे सगळ्यांना माहीत आहे. मूठ काढणाऱ्या बायांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत. कोरडवाहू म्हणतील, बघा, नावाशिवाय चाललं की. मला मात्र दर वेळी वाटतं, नावं हवी होती. पुरस्कार नसता दिला तरी चाललं असतं, वही हवी होती. कुणी किती मूठ दिली हे नको, फक्त कोण कोण होतं ते.

कोरडवाहू

वहीला माझा विरोध नाही. शाल एकालाच मिळते, वहीत ओळी कितीही वाढवता येतात.

खडूचा धूर

वही कपाटात जाते. मी बावीस वह्या पाहिल्यात कपाटातल्या. नाव मोठ्यानं घेतलं पाहिजे, माणूस समोर असताना. आणि कोयता यांच्या आईचं नाव घ्यायला मला फोन लावावा लागला तर मी स्पीकरवर लावीन.

डोंगरकडा

चार दिवसांनी लिहितोय. काल परत बैठक झाली. इथलं सगळं वाचून दाखवलं नाही, पण तारखेचा मुद्दा मांडला. समितीतल्याच पाच जणांची पोरं-सुना फडावर आहेत, एकदम शांतता झाली. ठरलं ते असं: सत्कार एकाचा नाही, झेंडावंदनाला सगळी नावं वाचायची, कोणी काय केलं ते एका ओळीत. वाचणार पाचवीची पोरं. जे फडावर आहेत त्यांची नावं पाडव्याला, ते गावात आल्यावर पुन्हा. सन्मानचिन्ह रद्द. ट्रॅक्टरवाले दादा जरा नाराज आहेत, शाल त्यांना आधीच कळली होती. ती आमची चूक.

दुसरं म्हणजे मी वहिनीला विचारायला वस्तीवर गेलो होतो. एवढ्या चर्चेत तिला कोणी विचारलंच नव्हतं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "भाऊजी, शाल काय करू? ओढ्यावर फरशी टाका. पोरं आपली आपली येतील."

पाइप आणि सिमेंट मिळालं तर मुरूम टाकायला ट्रॅक्टरवाले तयार आहेत. ग्रामपंचायतीला समितीच्या ठरावासह अर्ज दिला आज.

कोरडवाहू

पोच घेतली का?

डोंगरकडा

ग्रामसेवक नव्हते. शिपायाकडे दिलाय.

कोरडवाहू

उद्या सकाळी परत जा. शिक्का घेतल्याशिवाय उठू नका.