कमोडोर ६४ वरील 'विंटर गेम्स' : बायॅथलॉनमध्ये नेम का चुकतो?

प्रश्न (निवांत_खेळाडू)

एपिक्स कंपनीचा १९८५ सालचा 'विंटर गेम्स' हा हिवाळी क्रीडाप्रकारांचा संगणकीय खेळ मी सध्या व्हाइस या एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या कमोडोर ६४ या घरगुती संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, खेळत आहे. हॉट डॉग एरियल्स (स्कीवरून हवेतल्या कसरती) आणि स्की जंप बऱ्यापैकी जमू लागले आहेत. परंतु स्पीड स्केटिंगमध्ये जॉयस्टिक जितक्या घाईने डावी-उजवीकडे हलवावी, तितका खेळाडू अडखळतो, आणि बायॅथलॉनमध्ये (स्कीइंग व नेमबाजी यांच्या जोडखेळात) तर बंदुकीचा नेम हमखास चुकतो. दोष माझ्या हातांचा की एम्युलेटरचा?

प्रतिसाद (हिमरेषा)

त्या काळातील बहुतेक क्रीडाविषयक खेळांत, उदाहरणार्थ १९८३ च्या 'ट्रॅक अँड फील्ड'मध्ये, जो जास्त जोरात हात चालवील तोच जिंकत असे. त्यामुळे तीच सवय घेऊन आपण येथे येतो आणि फसतो. 'विंटर गेम्स'मध्ये वेग नव्हे, ताल महत्त्वाचा आहे. स्केटिंग करणाऱ्याचा पाय पूर्ण मागे गेला की मगच जॉयस्टिक दुसऱ्या बाजूला न्यावी. हात नव्हे, पाय पाहत राहा.

बायॅथलॉनची गंमत आणखी खोल आहे. स्कीइंगच्या श्रमाने वाढलेली हृदयाची गती पडद्यावर दिसते आणि नेमबाजीच्या जागी नेमाची खूण तिच्याच प्रमाणात वर-खाली सरकते. थांबून श्वास शांत होऊ द्यावा, तर घड्याळ चालूच राहते. घाईने गोळी झाडावी, तर चुकलेल्या लक्ष्याचा दंड एकूण वेळेत जमा होतो. अवघ्या ६४ किलोबाइट स्मृतीच्या यंत्रावर या खेळाचा खरा पेच इतक्या नेमकेपणाने उतरवला गेला, म्हणून सातही प्रकारांत मला हाच सर्वांत सरस वाटतो.

प्रतिसाद (जुनी_तबकडी)

हातांविषयी वर लिहिलेच आहे, एम्युलेटरकडेही पाहावे. खेळ अमेरिकी असल्याने तो एनटीएससी या अमेरिकी टीव्ही-पद्धतीच्या यंत्रासाठी, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांसाठी बनलेला आहे. व्हाइसमध्ये पाल ही युरोपातील टीव्ही-पद्धत निवडलेली असेल, तर ५० चित्रांमुळे पडद्यावरील हालचाली मंदावू शकतात आणि ताल बदलतो. शिवाय आधुनिक टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटते; टीव्हीतील 'गेम मोड' चालू केल्यास ही दिरंगाई कमी होते. बॉबस्लेडमध्ये तिचा त्रास विशेष जाणवतो, कारण वळण दिसेपर्यंत गाडी भिंतीला लागलेली असते. खेळ लोड होतानाच अडत असेल, तर 'ट्रू ड्राइव्ह एम्युलेशन' (मूळ डिस्क ड्राइव्हची हुबेहूब नक्कल करणारी सोय) चालू आहे ना, हेही तपासावे.

प्रतिसाद (उतारावरचा)

नेमबाजीपूर्वी नाडी पूर्ण शांत होईपर्यंत थांबू नये, एवढीच पुस्ती जोडतो. प्रत्यक्ष स्पर्धेतही बायॅथलॉनपटू नेमबाजीच्या जागेजवळ येताना वेग थोडा आवरतात, मात्र धाप पूर्ण ओसरण्याची वाट पाहत नाहीत; श्वासांमधला क्षणभराचा विराम साधून चाप ओढतात. येथेही खुणेची लय ओळखून, ती लक्ष्यावर पोहोचण्याच्या अगदी किंचित आधी बटण दाबून पाहा.

निवांत_खेळाडू

व्हाइसमध्ये खरोखरच पाल निवडलेले निघाले. एनटीएससी केल्यावर स्केटिंगचा ताल लगेच सापडला. बायॅथलॉनमध्ये अजून शेवटची गोळी चुकते, पण निदान ती का चुकते, हे आता दिसते.