वरच्या मजल्याच्या सब-डीबीला (वीज वाटणाऱ्या उप-पेटीला) लोडवर व्होल्टेज पडतं, मेनला मात्र ठीक

प्रश्न: जिना_वरचा

घर रत्नागिरीत, सिंगल फेज कनेक्शन. मीटरनंतर खाली मेन डीबी, तिथून ४ स्क्वेअर एमएम तांब्याच्या वायरने वर सब-डीबी. वायरची लांबी साधारण २८ मीटर. वर २ किलोवॅटचा गीझर आणि दीड टनाचा एसी. काहीच चालू नसताना खाली-वर दोन्हीकडे २२८ दिसतात. दोन्ही चालू केले की खाली २२२, वर २०७. क्लॅम्प मीटरवर (वायरभोवती अडकवून मोजायचा) करंट १६ अँपिअर. एमसीबी (जास्त करंटला पडणारा स्विच) पडत नाही, आरसीसीबीही (गळतीला पडणारा) पडत नाही. वायरमन म्हणतो वायर बारीक आहे, नाहीतर स्टॅबिलायझर लावा. वायर बदलायची तर भिंत फोडावी लागेल. खरंच वायरचा दोष आहे का?

उत्तर: तारजोड

भिंत फोडण्याआधी गणित मांडू. ४ स्क्वेअर एमएम तांब्याचा रोध किलोमीटरला सुमारे ४.६ ओहम. जायचे २८ आणि यायचे २८ असे ५६ मीटर, म्हणजे ०.२६ ओहम. १६ अँपिअरला वायर खाईल जेमतेम ४ व्होल्ट. तुमच्याकडे पडताहेत १५. उरलेले ११ व्होल्ट एखाद्या सैल किंवा गंजलेल्या जोडात जळताहेत. ११ गुणिले १६ म्हणजे १७६ वॅट, २५ वॅटच्या सात सोल्डरिंग आयर्नइतकी उष्णता एका स्क्रूभोवती. त्यामुळे हे काम लांबणीवर टाकू नका. शोध लागेपर्यंत गीझर आणि एसी एका वेळी लावू नका. पुढे सांगितलेली मोजणी करायची तेवढीच मिनिटं दोन्ही चालवा.

एमसीबी करंट बघतो, आणि करंट मर्यादेतच आहे. आरसीसीबी गळती बघतो, आणि गळती नाही. त्यामुळे खराब जोड दोघांनाही दिसत नाही.

स्टॅबिलायझरने दोष झाकला जाईल आणि वाढेलही. २०० चे २३० करायचे तर तो आत १५ टक्के जास्त करंट ओढणार, आणि जोडातली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळपास एक तृतीयांशाने.

आता दोष फेजमध्ये (वीज आणणारी वायर) की न्यूट्रलमध्ये (परतीची वायर) ते शोधा. लोड चालू ठेवून खाली न्यूट्रल-अर्थ मोजा, मग वर न्यूट्रल-अर्थ मोजा. अर्थ वायरमधून करंट वाहत नसल्याने ती खालपासून वरपर्यंत एकाच पातळीवर असते. त्यामुळे दोन आकड्यांतला फरक म्हणजे न्यूट्रलमध्ये पडलेलं व्होल्टेज. बाकीचं फेजचं.

उत्तर: मीटरपेटी

वरच्याशी सहमत. दोन गोष्टी जोडतो.

एक, लोडवर मेनलाही ६ व्होल्ट पडताहेत. लांब सर्व्हिस वायरवर (खांबापासून मीटरपर्यंतची) एवढं चालून जातं. पण हाच आकडा १०-१२ वर गेला, तर खांबावरचा जंपर (जोडतार) किंवा मीटरच्या टर्मिनलकडे संशय घ्यायचा. मीटरचं सील तोडू नका. १९१२ वर तक्रार नोंदवा.

दुसरं, हा धागा वाचणाऱ्या थ्री फेजवाल्यांसाठी: गीझर लावल्यावर एका खोलीतला दिवा मंद आणि दुसऱ्या खोलीतला जास्त प्रखर होत असेल, तर मेन न्यूट्रल सैल आहे. तिथे मोजत बसू नका, मेन बंद करा. एका फेजला १८० आणि दुसऱ्याला २७० जायला वेळ लागत नाही, आणि टीव्ही-फ्रिज जातात.

जिना_वरचा

मोजलं. लोडवर खाली न्यूट्रल-अर्थ ३ व्होल्ट, वर १६ व्होल्ट.

उत्तर: तारजोड

फरक १३. न्यूट्रल वायरचा स्वतःचा वाटा २ धरला तरी ११ जास्तीचे. फेजच्या वाट्याला उरले २, म्हणजे फेज निर्दोष. दोष न्यूट्रलमध्येच आहे.

पुढचं काम चांगल्या वायरमनकडून करून घ्या, कारण चालू पॅनल उघडायचा आहे. न्यूट्रलला हात लावायला हरकत नाही, असं समजू नका. तो जोड तुटला, तर गीझरमधून फिरून पूर्ण २३० त्या काळ्या वायरवर येतात.

लोड चालू असताना मल्टिमीटरची एक पिन वायरच्या उघड्या तांब्यावर, दुसरी त्याच टर्मिनलच्या पितळी पट्टीवर. चांगल्या जोडावर काही मिलीव्होल्ट दिसतील. पाव व्होल्ट दिसला तरी तो जोड उघडायचा. हे मेनच्या न्यूट्रल लिंकवर (सगळे न्यूट्रल जिथे जोडतात ती पट्टी) आणि सब-डीबीच्या डबल पोल आयसोलेटरवर (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच) करा. आयसोलेटरच्या आत-बाहेरही मोजा, कारण कधीकधी आतला काँटॅक्टच जळालेला असतो.

उघडल्यावर नीट बघा: बारीक तारांपैकी अर्ध्या कापून टर्मिनलमध्ये बसवल्या आहेत का? इन्सुलेशन स्क्रूखाली दाबलं गेलंय का? आणि सर्वांत फसवी चूक म्हणजे टर्मिनलची वर-खाली होणारी चौकट. वायर तिच्या आत न जाता मागे गेली, तर स्क्रू कडक लागतो, पण वायर पकडलेलीच नसते. एकदा ओढून बघा. समुद्रकाठच्या हवेत तांब्यावर हिरवट थर येतो, तोही पाहा.

स्क्रूला हात लावण्याआधी मेन बंद आणि इन्व्हर्टरही बंद. मग फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ तिन्ही शून्य आहेत याची खात्री करा.

जिना_वरचा

दोन्ही टोकांना ०.०२ आणि ०.०३ व्होल्ट, आयसोलेटरही ठीक. मग वायरमनने जिन्यातला जंक्शन बॉक्स उघडला. आत दोन्ही वायरी पिळून टेप लावलेल्या. न्यूट्रलची टेप कडक होऊन तडकलेली, इन्सुलेशन बोटभर तपकिरी, तारा काळ्या. जुन्या तारा लखलखीत तांबं दिसेपर्यंत मागे कापल्या, फेजचा जोडही उघडला आणि दोन्हींना ४ स्क्वेअर एमएमचे इनलाइन स्लीव्ह (दोन तारा जोडायची धातूची नळी) दाबून क्रिंप केले. आता लोडवर खाली २२२, वर २१८. न्यूट्रल-अर्थ वर ५.

पुढच्या उन्हाळ्यात वर आणखी एक दीड टनाचा एसी घ्यायचाय. चालेल का?

उत्तर: मीटरपेटी

तिन्ही मिळून २३-२४ अँपिअर होतील. व्होल्टेज ६ च्या आसपास पडेल, ते चालतं. पण कॉन्ड्युटमधली (भिंतीतल्या पाइपमधली) ४ ची वायर त्या करंटला काठावर येते, विशेषतः उन्हात तापणाऱ्या भिंतीत. आधी बघा, खाली या वायरवर एमसीबी कितीचा आहे. ३२ अँपिअरचा असेल तर आजच २५ चा लावा. ४ च्या वायरला ३२ संरक्षण देत नाही.

दुसरा एसी येण्याआधी त्याच पाइपमधून ६ स्क्वेअर एमएम ओढून घ्या. जुनी वायर ओढतानाच तिच्या टोकाला नवी बांधली तर बहुतेक भिंत फोडावी लागत नाही. फेज, न्यूट्रल, अर्थ तिन्ही ६ च्या आणि मध्ये जोड न देता अखंड. मग ३२ चा एमसीबी चालेल. नव्या एसीचा न्यूट्रल दुसऱ्या सर्किटमधून उसना घेऊ देऊ नका, नाहीतर आरसीसीबी पडत राहील.