डिस्ने वर्ल्ड, ऑर्लँडो: रोज बसून जेवायचे की पटकन उरकायचे?

निळीशाई

जूनच्या शेवटच्या आठवड्यात ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डला जायचे ठरले आहे. आम्ही सहा जण: आम्ही दोघे, साताऱ्याहून आलेले सासूसासरे, मुलगा १० वर्षांचा, मुलगी ४ वर्षांची. मुक्काम डिस्नेच्याच हॉटेलात, ५ रात्री. चार दिवस चार पार्क: मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज, ॲनिमल किंगडम.

सगळे शाकाहारी. सासूबाईंना अंडे चालत नाही, सासऱ्यांना मधुमेह आहे. मधल्या एका दिवशी संकष्टी येते, ती सासूबाई सोडणार नाहीत.

रोज एक जेवण टेबल सर्व्हिसचे, म्हणजे रिझर्व्हेशन करून वेटर असलेल्या रेस्टॉरंटात, घ्यावे का? की सगळीकडे काउंटरवरून घेऊन मोकळे व्हावे? वेळ जास्त जातो की पैसा? मुलीला डिस्नेच्या गोष्टींतल्या राजकन्यांना भेटायचे आहे, तेवढे एक नक्की करायचे आहे.

तिठा

रोज नको. चार पार्क-दिवसांत दोन, फार तर तीन बसून जेवणे पुरतात. कुठली, हे दिवसाच्या वेळेवरून ठरवा.

पार्क उघडल्यापासूनचे पहिले दोन तास सर्वांत मोलाचे. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना रोज अर्धा तास लवकर आत सोडतात. त्या वेळी रांगा लहान असतात आणि ऊनही सोसवते. म्हणून सकाळी ८-९ चे रिझर्व्हेशन घेऊ नका. सकाळी खोलीवर थोडे खाऊन निघा, ११ च्या सुमारास काउंटरवरून जेवा, म्हणजे १२ ते १:३० ची झुंबड टळते.

जूनमध्ये दुपारी २ नंतर तिथे उकाडा असह्य होतो आणि बऱ्याचदा गडगडाटी पाऊस येतो. विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या राइड बंद ठेवतात, रांगा मात्र वाढलेल्याच असतात. टेबल सर्व्हिसचे जेवण बसवायचे ते इथे, २ ते ३ च्या दरम्यान. थंड हॉलमध्ये सव्वा ते दीड तास बसणे होते. दिवसाला ८-१० किलोमीटर चालणे सहज होते, त्यामुळे आजीआजोबांना ही बैठक जेवणाइतकीच लागते. ४ वर्षांची मुलगीही तिथे पेंगून घेईल.

आता पैसा. डिस्नेत ३ ते ९ वर्षांना मुलांचा दर, १० पासून मोठ्यांचा. म्हणजे तुमचा मुलगा मोठ्यांत मोजला जाईल: पाच मोठे, एक लहान. मिकी वगैरे पात्रे टेबलापाशी येतात तो बुफे मोठ्यांना ६० आणि लहानांना ४० डॉलर धरला, तर ३४० झाले. त्यावर ६.५ टक्के विक्रीकर, साधारण २२. सहा किंवा जास्त जण असले की १८ टक्के टिप बिलातच लावतात, म्हणजे आणखी ६१. एकूण ४२३ च्या आसपास. काउंटरवर माणशी १५ धरले तर करासह ९६, आणि टिप नाही. फरक सव्वातीनशे डॉलरचा आहे, तेव्हा बुफे फक्त पात्रांसाठी घ्या. आजीआजोबांचा आहार बेताचा असेल तर बुफेत त्यांचे पैसे वसूल होत नाहीत.

बिल आले की टिप आधीच धरली आहे का ते बघा. टिपची रेघ खाली पुन्हा छापलेली असते आणि लोक दुसऱ्यांदा देऊन बसतात.

ओलीभेळ

शाकाहारी मंडळींसाठी एक जेवण डोळे मिटून ठरवून टाका: सना. हे पार्कात नाही, ॲनिमल किंगडम लॉज या हॉटेलच्या किडानी व्हिलेज भागात आहे. भारतीय आणि आफ्रिकी चवींचे मिश्रण. तिथली ब्रेड सर्व्हिस प्रसिद्ध आहे: नान, कुलचा, पराठा अशा पाच तऱ्हांच्या रोट्या आणि सोबत नऊ चटण्या-रायती. सहा जणांत दोन मागवा, वर दोन-तीन शाकाहारी मुख्य पदार्थ वाटून घ्या. ताटागणिक दर असल्याने बुफेपेक्षा बरेच कमी लागतात. खिडकीबाहेर जिराफ आणि झेब्रे चरत असतात, मुले जागची हलत नाहीत.

हे जेवण ॲनिमल किंगडमच्या दिवशीच बसवा. तो पार्क इतरांपेक्षा लवकर बंद होतो आणि लॉज तिथून जवळ आहे. सकाळभर पार्क, ३ च्या सुमारास सना, मग हॉटेलवर विश्रांती. पार्कातून सनाला पोचायला बसची वाट पाहण्यासह पाऊण ते एक तास हाताशी ठेवा. सनात सकाळी फक्त काउंटर असतो. टेबल सर्व्हिस दुपारी आणि रात्री.

अंड्याबाबत: मेनूवर हिरव्या पानाची खूण दिसली तर त्या पदार्थात मांस, दूध, अंडे, मध यांतले काही नसते. सासूबाईंसाठी सर्वांत खात्रीची खूण तीच. नुसते ‘व्हेजिटेरियन’ लिहिले असेल तर अंडे असू शकते. बर्गरचा मऊ पाव, पॅनकेक, मिकीच्या आकाराचे वॉफल यांत बहुधा अंडे असतेच. भात आणि सूप कोंबडीच्या पाण्यात शिजवलेले असू शकतात. फ्रेंच फ्राइजचे तेल कशाकशात वापरले आहे तेही विचारा. मार्शमॅलोत जिलेटिन असते.

टेबल सर्व्हिसचा मोठा फायदा मला इथे वाटतो. रिझर्व्हेशन करतानाच अंडे चालत नसल्याची नोंद करा आणि बसल्यावर शेफशी बोलायचे आहे असे सांगा. शेफ स्वतः टेबलाशी येऊन काय चालेल ते सांगतात, कधी वेगळे करूनही देतात. काउंटरवर एवढी सवड कोणाला नसते.

काउंटरमध्ये ॲनिमल किंगडमच्या पँडोरा भागातले सातुली कँटीन चांगले: खाली भात, नूडल्स किंवा सॅलड, वर टोफू, मग सॉस. मॅजिक किंगडममध्ये अलोहा आइलला अननसाचा डोल व्हिप, म्हणजे आइस्क्रीमसारखा गार गोड पदार्थ, मिळतो, त्यात दूधही नसते. सासऱ्यांना मात्र तो घासभरच द्या, साखर भरपूर असते.

निळीशाई

किती उपयोगी माहिती! सना पक्के केले. आता रिझर्व्हेशन नेमके कधी आणि कसे करायचे? आणि हॉटेलवाले डायनिंग प्लॅन, म्हणजे जेवणांचे पैसे आधीच भरायची योजना, सुचवत आहेत, तो घ्यावा का?

कुलूपकिल्ली

रिझर्व्हेशन ६० दिवस आधी खुले होते, ऑनलाइन पहाटे ६ ला, फ्लोरिडाच्या वेळेने. शिकागो किंवा डॅलसहून करत असाल तर तुमच्याकडे ५ वाजलेले असतील. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना हॉटेलात येण्याच्या दिवसाच्या ६० दिवस आधी पूर्ण मुक्कामाचे, जास्तीत जास्त १० दिवसांचे, रिझर्व्हेशन एकदम करता येते. यात एक किल्ली आहे. पहिल्या दिवसाच्या टेबलांसाठी तुमच्याशी सगळेच स्पर्धेत असतात; चौथ्या-पाचव्या दिवसाची टेबले बाहेर राहणाऱ्यांना अजून उघडलेलीच नसतात. म्हणून ज्याला सर्वाधिक मागणी, ते जेवण मुक्कामाच्या शेवटाकडे ठेवा आणि शोधताना आधी तेच शोधा.

राजकन्यांसाठी दोन पर्याय. मॅजिक किंगडमच्या किल्ल्यातले सिंड्रेलाज रॉयल टेबल, ते महाग आणि मिळायला अवघड. दुसरे एपकॉटच्या नॉर्वे दालनातले अकर्सहूस, तिथेही राजकन्या टेबलापाशी येतात. मुलीला किल्लाच हवा असा हट्ट नसेल तर अकर्सहूस घ्या.

सहा जणांचे टेबल दिसले नाही तर दोन आणि चार असे वेगळे घेऊ नका, ती टेबले जवळ मिळतीलच असे नाही. वेळ अर्ध्या तासाने पुढेमागे करून पुन्हा शोधा. बेत बदलला तर बहुतेक ठिकाणी २ तास आधीपर्यंत फुकट रद्द होते. त्यानंतर किंवा न गेल्यास माणशी १० डॉलर, म्हणजे तुम्हाला ६०. याच नियमामुळे आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी टेबले सुटतात, तेव्हा न मिळालेले पुन्हा शोधायचे.

प्लॅन घेऊ नका. टेबल सर्व्हिसच्या प्लॅनमध्ये माणशी दर रात्रीमागे एक बसून जेवण, एक काउंटरचे जेवण आणि एक खाऊ मिळतो. खोलीतल्या ३ वर्षांवरच्या प्रत्येकासाठी तो घ्यावाच लागतो, आणि टिप त्यात धरलेली नसते. ५ रात्री म्हणजे ५ बसून जेवणे, तुम्हाला हवीत दोन-तीन. सिंड्रेलासारख्या ठिकाणी एका जेवणाला दोन वजा होतात, आणि उरलेली निघायच्या दिवशी मध्यरात्री संपतात. स्टेक आणि मद्य घेणाऱ्यांना तो परवडू शकतो, कारण मोठ्यांच्या जेवणात एक पेय मद्यासह धरलेले असते. शाकाहारी ताटे मुळात स्वस्त, त्यामुळे तुमचे पैसे फुकट जातील.

पाणवठा

काउंटरच्या जेवणांविषयी थोडे, कारण तुमची बहुतेक जेवणे तिथेच होणार आहेत.

डिस्नेच्या ॲपमध्ये मोबाइल ऑर्डर असते. रेस्टॉरंट निवडून न्यायची वेळ ठरवायची. दुपारच्या वेळा भराभर संपतात, म्हणून सकाळी पहिल्या राइडच्या रांगेत उभे असतानाच ११ ची वेळ धरून ठेवा. तिथे पोचल्यावर ‘मी आलो आहे, तयार करा’ असे बटण दाबावे लागते. ते दाबेपर्यंत पैसे कापले जात नाहीत आणि ऑर्डर बदलता येते. लोक हे बटण विसरतात आणि खिडकीशी ताटकळतात. बटण दाबायच्या आधी एकाने आजीआजोबांना घेऊन टेबल धरावे, दुसऱ्याने ट्रे आणावेत. सहा जणांचे दोन ट्रे होतात, तेव्हा दहा वर्षांच्या मुलालाही बरोबर न्या. फोन चार्ज करायची बॅटरी जवळ ठेवा.

पाणी विकत घेऊ नका. काउंटर असलेल्या रेस्टॉरंटांत बर्फाच्या पाण्याचा पेला मागितला की फुकट देतात.

घरचे खाणे पार्कात नेता येते. काचेची भांडी आणि मद्य चालत नाही, तिथे गरम करावे लागेल असे काही नको, आणि थंड पेटीत सुटा बर्फ चालत नाही. गोठवलेल्या जेलच्या पिशव्या चालतात. ठेपले, दशम्या, कोरडी चटणी, भाजलेले शेंगदाणे हे उन्हात टिकते. दही घातलेले काही नेऊ नका. सासऱ्यांच्या खिशात कायम खाणे हवे: रिझर्व्हेशन २ चे असले तरी टेबल मिळून ताट यायला पाऊण तास जाऊ शकतो. जेवणाआधीचे औषध असेल तर ते घड्याळाकडे पाहून न घेता ताट कधी येते ते पाहून घ्यायचे का, हे डॉक्टरांना आधी विचारून ठेवा. इन्सुलिन असेल तर प्रत्येक पार्कात प्रथमोपचार केंद्र आहे, तिथे औषध थंड ठेवायची सोय विचारता येते.

संकष्टीच्या दिवशी टेबल सर्व्हिस अजिबात ठेवू नका. जूनअखेर तिथे सूर्यास्तच सव्वाआठनंतर होतो, चंद्रोदय त्याहून बराच उशिरा. पंचांगात ऑर्लँडोची वेळ बघा, साताऱ्याची किंवा तुमच्या गावची चालणार नाही. दिवसभर राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, केळी, पार्कातली कापलेली फळे. त्या उकाड्यात निर्जळी करू देऊ नका, लिंबूपाणी मीठ-साखर घालून बाटलीत न्या. उपास सोडायला खोलीवर पोचलेले असा. बऱ्याच खोल्यांत मायक्रोवेव्ह नसतो, छोटा फ्रिज असतो. हॉटेलच्या फूड कोर्टात मायक्रोवेव्ह आहे का ते आधी विचारा. गरम पाणी घालून होणारी खिचडीची पाकिटे नेली तर कॉफी मेकरच्या पाण्यात होतात, पण ते पाणी उकळते नसते, म्हणून पाकिटावर लिहिले आहे त्याच्या दुप्पट वेळ झाकून ठेवा.

तिठा

वरचे सगळे धरून क्रम असा लावेन: पहिला दिवस हॉलिवूड स्टुडिओज, सगळे काउंटरवर. दुसरा मॅजिक किंगडम, तोही काउंटरवर, कारण तिथे राइड सर्वाधिक आहेत आणि दीड तास महाग पडतो. तिसरा ॲनिमल किंगडम, ३ ला सना. चौथा एपकॉट, २:३० ला अकर्सहूस. एपकॉटची देशोदेशीची दालने बहुधा ११ ला उघडतात आणि तळ्याभोवतीचा फेरा दोन किलोमीटरचा आहे, नॉर्वे अलीकडच्या टोकाला. त्यामुळे आधी जेवून मग सावकाश उरलेला फेरा करता येईल. संकष्टी तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी आली, तर तो दिवस पहिल्या दोनांपैकी एकाशी बदला.